पिनेपासून पेअरिंगपर्यंत

टॅब्लेटच्या कडेच्या गोल छिद्रात इअरफोनची पिन खोचली की स्पीकर गप्प होतो आणि आवाज कानात उतरतो. त्याचं नवल कुणालाच वाटत नाही. छिद्राच्या आत मात्र धातूची एक बारीक, लवचिक पट्टी असते. पिन शिरताना ती बाजूला सरते आणि तिचा संपर्क बदलतो. एकाच झटक्यात जुनं तोडायचं आणि नवं जोडायचं ही युक्ती टॅब्लेटसाठी कुणी शोधलेली नाही. मोबाइल, वॉकमन किंवा ट्रान्झिस्टरसाठीही नाही. ती निघाली टेलिफोन एक्स्चेंजच्या लाकडी फळ्यांमधून, आणि त्या फळ्या बनवणाऱ्यांच्या डोक्यात गाणी ऐकण्याचा विचारही नव्हता.

२८ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, न्यू हेवन गावी, जॉर्ज कॉय यांनी पहिलं व्यावसायिक टेलिफोन एक्स्चेंज सुरू केलं. वर्गणीदार होते अवघे २१. स्विचबोर्ड कॉय यांनी स्वतःच ठोकून तयार केला होता. त्यात घोडागाडीचे बोल्ट होते आणि चहाच्या किटल्यांच्या झाकणांच्या मुठीही. वर्गणीदार शेकड्यांनी वाढू लागल्यावर असल्या जुगाडाने भागणार नव्हतं. शिकागोच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत चार्ल्स स्क्रिबनर नावाचा तरुण कामाला होता. पुढे त्याच्या नावावर चारशेहून अधिक पेटंटं जमा झाली. त्याच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे स्प्रिंगची पट्टी बसवलेलं छिद्र आणि त्यात शिरणारी पिन.

एखाद्या वर्गणीदाराने घरून फोन फिरवला की एक्स्चेंजच्या फळीवर त्याच्या नावाची छोटी झडप खाली पडे. समोर बसलेली व्यक्ती त्याच्या छिद्रात पिन खोचे. पिनेने पट्टी उचलली जाई, झडपेचा संबंध सुटे आणि बोलणं सुरू होई. मग दोरीच्या दुसऱ्या टोकाची पिन हव्या त्या माणसाच्या छिद्रात जाई. दोऱ्यांचा गुंता होऊ नये म्हणून टेबलाखाली प्रत्येक दोरीला वजन टांगलेलं असे. पिन सोडली की दोरी आपोआप खाली ओढली जाई.

सुरुवातीला या कामावर तार खात्यातली पोरं बसवली होती. ती ग्राहकांशी उद्धटपणे बोलत, मस्करी करत. १ सप्टेंबर १८७८ रोजी बॉस्टनमध्ये एमा नट या कामावर रुजू झाल्या आणि पुढची अनेक दशकं जगभरात हा व्यवसाय मुख्यतः स्त्रियांचा राहिला. मोठ्या शहरांत एकाच वर्गणीदाराचं छिद्र अनेक फळ्यांवर असे, त्यामुळे दुसऱ्या टोकाला बसलेल्या ऑपरेटरने ती लाइन आधीच घेतली आहे का, हे कळणं गरजेचं होतं. त्यासाठी पिनेचं टोक छिद्राच्या कडेला नुसतं टेकवायचं. कानात खट्ट आवाज आला तर लाइन गुंतलेली. आवाज नाही आला तर पिन आत.

पिनेचे भाग तेव्हाच ठरले: पुढचं टोक, मधलं कडं आणि मागची नळी. टोक आणि कड्यावरून बोलणं जाई, नळीवरून लाइन मोकळी की गुंतलेली याची खूण मिळे. टेलिफोनच्या लाइनवर काम करणारे लोक तारांच्या जोडीला अजूनही ‘टिप’ आणि ‘रिंग’ म्हणतात. स्टिरिओ आला तेव्हा या रचनेत काही नवीन घालावंच लागलं नाही. टोक डाव्या कानाला, कडं उजव्या कानाला आणि नळी दोघांच्या सामायिक परतीच्या वाटेला, एवढी नवी वाटणी केली की झालं.

भारतात ही पिन लवकर आली. १८८१ मध्ये ओरिएंटल टेलिफोन कंपनीला परवाना मिळाला आणि २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्त्यात एक्स्चेंजचं उद्घाटन झालं. त्याच वर्षी मुंबईतही एक्स्चेंज सुरू झालं. न्यू हेवनची तारीखही २८ जानेवारीच होती. पुढे हीच तारीख आणखी एकदा येणार आहे; योगायोगच तो, पण गमतीचा.

आवाज दोन्ही कानांत वेगवेगळा सोडण्याची कल्पनाही टेलिफोनवाल्यांचीच. १८८१ च्या पॅरिसमधल्या आंतरराष्ट्रीय वीज प्रदर्शनात क्लेमां आदेर यांनी ऑपेरागृहाच्या रंगमंचावर कडेकडेने मायक्रोफोन मांडले आणि प्रदर्शनातल्या लोकांच्या हाती दोन-दोन रिसीव्हर दिले. दोन कानांना दोन वेगळ्या मायक्रोफोनांचा आवाज जात असल्याने गायक मंचावर डावीकडून उजवीकडे सरकताना चक्क ‘ऐकू’ येई. यातूनच १८९० मध्ये ‘तेआत्रोफोन’ नावाची कंपनी निघाली. हॉटेलांत आणि कॅफेंत यंत्रं बसली. ५० सांतिमचं नाणं टाकलं की पाच मिनिटं नाटक किंवा ऑपेरा. घरी जोडणी घेणाऱ्यांत लेखक मार्सेल प्रूस्त होते. १९३२ पर्यंत हा धंदा चालला.

कानात घालायचे बड्सही लोक समजतात त्याहून फार जुने आहेत. एर्नेस्ट मेर्कादिए या फ्रेंच इंजिनिअरला १८९१ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं ते कानाच्या आत बसणाऱ्या, पन्नास ग्रॅमच्या आतबाहेर वजनाच्या रिसीव्हरच्या जोडीचं. टोकांना रबराची टोपी होती, कान दुखू नये आणि बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून. आजच्या सिलिकॉनच्या टोप्यांचं काम अगदी हेच.

नावाजलं गेलं मात्र डोक्यावर चढवायचं जड मॉडेल. १९१० मध्ये युटा राज्यातल्या नेथॅनिएल बाल्डविन यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हेडफोन बनवून अमेरिकन नौदलाला पाठवले. सोबतचं पत्र जांभळ्या शाईत लिहिलेलं. नौदलातल्या अधिकाऱ्यांनी आधी ते हसण्यावारी नेलं. चाचणी घेतल्यावर मात्र त्यांनी मोठी मागणी नोंदवली. तेव्हा बाल्डविन यांनी कळवलं, एका वेळी दहाच बनवता येतील, कारण कारखाना म्हणजे घरातलं स्वयंपाकघर!

मुंबईत हेडफोन शिरला तो रेडिओबरोबर. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झालं. त्या काळातल्या स्वस्त क्रिस्टल सेटला बॅटरीही लागत नसे आणि स्पीकरही नसे. एरियलने पकडलेल्या क्षीण विजेवर फक्त हेडफोनची पातळ पत्री थरथरे. म्हणजे हेडफोन ही खासगीपणाची चैन नव्हती, नाइलाज होता. ब्रिटनमध्ये घरातल्या सगळ्यांना ऐकता यावं म्हणून लोक हेडफोन चिनी मातीच्या वाडग्यात ठेवत आणि वाडग्याभोवती कान लावून बसत.

खासगीपणा आला ट्रान्झिस्टरबरोबर. १९५४ मध्ये अमेरिकेत रीजन्सीचा टीआर-१ हा खिशात मावणारा पहिला व्यावसायिक ट्रान्झिस्टर रेडिओ निघाला आणि त्याला इअरफोनसाठी छिद्र होतं. एक्स्चेंजची पाव इंची पिन अशा डबीत बसणार कशी? पुढे जपानी कंपन्यांच्या खिशातल्या रेडिओंनी साडेतीन मिलिमीटरची धाकटी पिन घरोघरी नेली. तिच्यासोबत एकाच कानाचा, पांढुरक्या प्लॅस्टिकचा इअरफोन यायचा. भारतातही ट्रान्झिस्टरच्या पाकिटात तो असे आणि त्याचा खरा उपयोग कसोटी सामन्यांच्या दिवसांत होई. टेबलाच्या खणात रेडिओ, बाहीतून वर आणलेली वायर, एका कानात बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन आणि दुसरा कान साहेबांच्या पावलांकडे. एका कानाचा इअरफोन ही कंजुषी होती खरी, पण सरकारी कचेऱ्यांना तीच सोयीची पडली.

दोन्ही कानांचं संगीत लोकप्रिय करण्याचं श्रेय मिलवॉकीचे जॉन कॉस यांना जातं. हॉस्पिटलांना टीव्ही भाड्याने देण्याचा त्यांचा व्यवसाय होता आणि जॅझचं वेड होतं. १९५८ मध्ये त्यांनी दाखवायला आणला होता तो रेकॉर्ड प्लेअर. सोबतचे हेडफोन केवळ स्टिरिओची गंमत ऐकवण्यासाठी होते. ग्राहकांनी प्लेअरकडे पाठ फिरवली आणि हेडफोन मागितले.

पण ही सगळी घरात बसून ऐकण्याची साधनं. चालता माणूस ऐकू लागला तो १ जुलै १९७९ नंतर. सोनीचे सहसंस्थापक मासारू इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात संगीत ऐकायचं होतं, म्हणून कंपनीच्या एका टेपरेकॉर्डरमधला रेकॉर्डिंगचा भाग काढून टाकून वॉकमन तयार झाला. किंमत ३३,००० येन. पहिल्या तुकडीत ३०,००० नग बनवले आणि जुलै महिन्यात खपले जेमतेम ३,०००. ऑगस्ट संपता संपता मात्र सगळा साठा संपला. यंत्रापेक्षाही महत्त्वाचा होता त्याच्यासोबतचा हेडफोन, पन्नास ग्रॅमहून हलका. आधीचे हेडफोन याच्या कितीतरी पट जड असत.

पहिल्या वॉकमनवर साडेतीन मिलिमीटरची दोन छिद्रं होती आणि एक नारिंगी बटण. एकट्याने ऐकत बसणं उद्धटपणाचं दिसेल अशी सोनीचे दुसरे सहसंस्थापक अकिओ मोरिता यांना धास्ती होती, म्हणून दोघांनी मिळून ऐकावं आणि बटण दाबून संगीत मंद करून मायक्रोफोनवरून एकमेकांशी बोलावं, अशी सोय केली गेली. लोकांनी दुसरं छिद्र फारसं वापरलंच नाही. जो तो आपला वॉकमन घेऊन निघाला आणि नंतरच्या मॉडेलांतून ती सोय गेली. मोरितांच्या शिष्टाचाराला गिऱ्हाइकांनी दिलेलं उत्तर स्पष्ट होतं. १९८२ मध्ये सोनीनेच डोक्यावरची पट्टी काढून टाकलेले, कानाच्या खोलगट भागात अडकणारे इअरफोन बाजारात आणले. मेर्कादिएंची जुनी कल्पना नव्वद वर्षांनी खपायला लागली.

पिनेची खरी तारांबळ उडाली मोबाइलच्या काळात, आणि ही गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. मोबाइलला ऐकण्याबरोबर बोलायचंही होतं, म्हणजे तीन संपर्कांच्या जागी चार हवेत. सुरुवातीला प्रत्येक कंपनीने आपापली पिन काढली: नोकियाची वेगळी, सोनी एरिक्सनची वेगळी, कुणाची अडीच मिलिमीटरची. हळूहळू सगळे साडेतीनवर आले, पण चौथ्या संपर्काची जागा ठरवताना दोन तट पडले. एका तटाने मायक्रोफोन दुसऱ्या कड्यावर ठेवला आणि ग्राउंड, म्हणजे परतीची सामायिक वाट, शेवटच्या नळीवर. नोकिया आणि सुरुवातीच्या काळातले इतर बरेच फोन या बाजूचे. दुसऱ्या तटाने नेमकं उलटं केलं. ॲपल त्या बाजूला होतं आणि पुढे बहुतेक बाजार तिकडेच गेला. दिसायला दोन्ही पिना हुबेहूब सारख्या.

चुकीची जोडी जमली की काय होतं, हे अनेकांनी अनुभवलंय: गाणं वाजतं, वाद्यं ऐकू येतात आणि गायक गायब! डाव्या आणि उजव्या स्पीकरला ही परतीची वाट मिळाली नाही की वीज एका स्पीकरमधून थेट दुसऱ्यात जाते. कानाला ऐकू येतो तो फक्त डाव्या-उजव्यातला फरक. गायकाचा आवाज ध्वनिमुद्रणात दोन्हीकडे सारखाच ठेवलेला असतो, त्यामुळे तो स्वतःलाच रद्द करून टाकतो. बाजूला ठेवलेली व्हायोलिनं आणि गायकाच्या आवाजाची नुसती घुमी तेवढी उरते. अशा वेळी वायरवरचं फोन उचलायचं बटण दाबून धरलं की गायक परत येतो, कारण ते बटण मायक्रोफोनचा संपर्क ग्राउंडला जोडून देतं. पोरांनी हा उपाय कुणाला न विचारता शोधून काढला होता. कारण फार थोड्यांना ठाऊक होतं.

याच काळात भारतात वायरला आणखी एक काम लागलं. २००१ पासून खासगी एफएम केंद्रं सुरू झाली होती आणि मोबाइलमध्ये एफएम रेडिओ येऊ लागला होता. एफएमच्या लहरींची लांबी तीन मीटरच्या आसपास असते. त्यांच्यासाठी लागणारं एरियल खिशातल्या फोनमध्ये मावत नाही. मग इअरफोनची वायर हीच एरियल. पिन काढली की ‘हेडसेट जोडा’ अशी सूचना यायची. फोनमधून पिनेचं छिद्र गेलं तसा हा फुकटचा रेडिओही गेला. मोबाइलमध्ये एफएम असेल तर ते बंद करून ठेवू नका, असा सल्ला केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाला २०२३ मध्ये कंपन्यांना द्यावा लागला.

टॅब्लेट या कथेत उशिरा येतो. ३ एप्रिल २०१० रोजी अमेरिकेत विक्रीला आलेला पहिला आयपॅड १३.४ मिलिमीटर जाड होता. साडेतीन मिलिमीटरचं छिद्र त्यात ऐसपैस बसलं होतं आणि ब्लूटूथही होतं. दोन्ही वाटा पहिल्या दिवसापासून शेजारीशेजारी. दीड वर्षाने, ५ ऑक्टोबर २०११ रोजी, दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ या सव्वादोन हजार रुपयांच्या आसपासच्या टॅब्लेटचं अनावरण केलं. सात इंची पडदा, बोटाने जोर दिला तरच उमटणारा स्पर्श आणि हेडफोनसाठी तेच गोल छिद्र. पुढच्या आवृत्तीची सूत्रं आयआयटी मुंबईकडे आली. ‘आकाश’वर टीका पुष्कळ झाली आणि ती बरीचशी रास्तही होती, पण वर्गातल्या मुलांना टॅब्लेटवर धडे ऐकवायचे तर वायरच्या इअरफोनइतकं स्वस्त काहीच नव्हतं, हा हिशेब तेव्हा बरोबर होता. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि एका खोलीत दोन भावंडांचे दोन वर्ग भरू लागले, तेव्हाही तोच हिशेब कामी आला.

आता दुसरी वाट. बिनतारी जोडणीचं काम स्वीडनमधल्या लुंड शहरात, एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये सुरू झालं. याप हार्टसेन आणि स्वेन मॅटिसन हे त्यातले प्रमुख इंजिनिअर. मे १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा यांनी मिळून संघ स्थापन केला आणि पुढच्याच वर्षी ब्लूटूथचा पहिला आराखडा आला. दातांच्या रंगावरून नाव पडलेल्या राजाची गोष्ट एव्हाना सगळ्यांना पाठ आहे. ती इथे सोडून देऊ.

ब्लूटूथसाठी निवडलेली जागा म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा. १९४७ पासून तो औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय वापरासाठी राखलेला होता. मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच चालतात. १९८५ मध्ये अमेरिकेने त्यात विनापरवाना संदेशवहनाला परवानगी दिली. भारतात या पट्ट्यात कमी शक्तीची उपकरणं घरात आणि घराबाहेर परवान्याशिवाय वापरण्याची मुभा देणारे नियम निघाले २८ जानेवारी २००५ रोजी. हीच ती तिसऱ्यांदा आलेली तारीख.

फुकटच्या जागेत गर्दी ही असणारच. वायफाय तिथे, ओव्हन तिथे, शेजाऱ्याचं ब्लूटूथही तिथेच. उपाय असा की एका ठिकाणी थांबायचंच नाही. मूळ ब्लूटूथ पट्ट्याचे ७९ भाग करतं आणि सेकंदाला १,६०० वेळा जागा बदलतं. टॅब्लेट आणि बड्स दोघांनाही पुढची उडी कुठे हे आधीच ठाऊक असतं, म्हणून त्यांची चुकामूक होत नाही. अशा उड्या मारत संदेश पाठवण्याचं एक पेटंट १९४२ मध्ये हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना मिळालं होतं. त्यात ८८ जागा होत्या, पियानोच्या पट्ट्यांइतक्या. ब्लूटूथ तिथूनच उतरलं, असं मात्र म्हणता येत नाही. कल्पना अनेकांना सुचलेली होती.

उड्यांचं वेळापत्रक दोघांनी आधी एकमेकांना द्यावं लागतं आणि पुढच्या वेळी ओळख पटावी म्हणून एक गुप्त किल्लीही दोघांकडे जपून ठेवावी लागते. हेच पेअरिंग. पूर्वी त्यासाठी ‘००००’ असा आकडा भरावा लागे. २००७ च्या २.१ आवृत्तीने ती कटकट संपवली. तरी मूळ काम उरलंच. एक्स्चेंजमध्ये पिन खोचायला पगारी बाई होत्या आणि कुणाशी जोडायचं हे त्यांना सांगता येत असे. आता सेटिंग उघडून यादीतून नाव निवडण्याचं काम ऐकणाऱ्याच्याच गळ्यात आहे. बड्स मागच्या वेळच्या सोबत्याशी परस्पर जोडले जातात. वर्ग टॅब्लेटवर चालू असतो आणि कानात आवाज येतो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावलेल्या आईच्या मोबाइलचा. पिनेच्या बाबतीत हा घोटाळा अशक्य होता. वायर कुठे जाते ते डोळ्यांना दिसत होतं.

ब्लूटूथ जन्मलं फोनवर बोलण्यासाठी. २००० च्या सुमाराचे पहिले हेडसेट एका कानाचेच होते. दोन्ही कानांत संगीत पाठवण्याची रीत २००३ मध्ये ठरली, तीही एकतर्फी: टॅब्लेटकडून कानाकडे. बोलणं आणि ऐकणं दोन्ही करायचं तर जुन्या टेलिफोनी रीतीकडे वळावं लागतं. म्हणून ऑनलाइन वर्गात मायक्रोफोन चालू करताच संगीत अचानक डबक्यातून आल्यासारखं ऐकू येतं. मूळ रीतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जात, म्हणजे दर्जा साध्या फोनचाच. नंतर तो १६,००० झाला, पण संगीताला तेही अपुरंच. बड्स बिघडलेत असं वाटून दुकानात परत नेणारे पुष्कळ.

उशिराचं दुखणं वेगळं. आवाज आधी आकसून छोट्या गठ्ठ्यांत बांधायचा, हवेतून पाठवायचा, एखादा गठ्ठा हरवलाच तर पुन्हा मागवायचा, आणि हे करायला वेळ मिळावा म्हणून थोडा साठा हाताशी ठेवायचा. यात सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा सहज जातो. सिनेमा दाखवणारी ॲप चित्रही तेवढंच मागे ठेवून ओठ आणि शब्द जुळवून घेतात. टॅब्लेटच्या पडद्यावर बोटांनी तबला वाजवू पाहणाऱ्याला मात्र असा दिलासा नाही. ‘धा’ वाजवला तरी तो येतो पुढच्या बोलाच्या तोंडावर. तिथे आजही वायर लागते.

७ सप्टेंबर २०१६ रोजी ॲपलने आयफोन ७ मधून गोल छिद्र काढून टाकलं. त्याआधी त्याच वर्षी मोटोरोलाच्या मोटो झेडने आणि चीनच्या लइकोने ते काढलं होतं, पण गाजावाजा झाला तो ॲपलचा. कंपनीचे अधिकारी फिल शिलर यांनी मंचावरून या निर्णयाला धैर्य म्हटलं आणि त्याची जगभर थट्टा झाली. जागा वाचते, पाणी शिरत नाही, अशी कारणं पुढे आली. जागेचं खरं होतं: पिन १४ मिलिमीटर आत शिरते आणि एवढ्या खोलीत बॅटरीचा तुकडा मावतो. पाण्याचं कारण तितकंसं पटणारं नव्हतं; त्याच वर्षीच्या सॅमसंगच्या गॅलेक्सी एस७ मध्ये छिद्रही होतं आणि तो पाण्यातही टिकत होता. त्याच सॅमसंगने ॲपलच्या ॲडाप्टरची टिंगल करणारी जाहिरात केली आणि २०१९ मध्ये नोट १० मधून छिद्र काढलं.

टॅब्लेटवर ही वेळ ३० ऑक्टोबर २०१८ रोजी आली. त्या दिवशी जाहीर झालेला आयपॅड प्रो ५.९ मिलिमीटर जाड होता. आयफोन ७ च्या खोक्यात ॲडाप्टर तरी फुकट होता. आयपॅडवाल्यांना तो वेगळा विकत घ्यावा लागला. ध्वनिमुद्रण करणारे, संगीत शिकवणारे लोक याच यंत्राचे ग्राहक होते, म्हणजे ज्यांना वायर हवीच अशांच्या हातून ती गेली. साधा आयपॅड २०२२ पर्यंत टिकून राहिला. दहाव्या आवृत्तीत तिथलंही छिद्र गेलं. स्वस्त अँड्रॉइड टॅब्लेटांनी ते सोडलं नाही. २०२३ चा गॅलेक्सी टॅब ए९ घ्या, कडेला छिद्र आहे.

छिद्र नसलेल्या टॅब्लेटला वायरचा इअरफोन जोडायचा तर यूएसबी-सीचा ॲडाप्टर हवा, आणि इथे जुनी कथा नव्याने घडते. हे ॲडाप्टर दोन जातींचे. एका जातीत नुसत्या तारा असतात: टॅब्लेट स्वतःच आवाजाची वीज तयार करतो आणि यूएसबीच्या डेटाच्या दोन तारांवरून डाव्या-उजव्या कानाकडे पाठवतो. दुसऱ्या जातीत आकड्यांचा आवाज करणारी चिमुकली चिप, म्हणजे डॅक, ॲडाप्टरच्याच पोटात असते. आयपॅडला आणि बऱ्याच टॅब्लेटांना दुसरीच जात चालते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानदार टॅब्लेटचं मॉडेल विचारतो ते उगीच नाही.

दुरुस्तीचा हिशेब मात्र पार बदलला. वायर बहुधा पिनेजवळच तुटते, कारण तिथेच ती रोज वाकते. आतल्या केसासारख्या तांब्याच्या तारांवर रंगीत लाखेचा थर असतो आणि तो जाळल्याशिवाय डाग धरत नाही. हे ठाऊक असलेला कारागीर नवी पिन बसवून देतो. डिसेंबर २०१६ मध्ये विक्रीला आलेल्या पहिल्या एअरपॉडला दुरुस्ती-सुलभतेत उपकरणं खोलून पाहणाऱ्या आयफिक्सिट या संस्थळाने दहापैकी शून्य गुण दिले. प्रत्येक बडमध्ये एक इवलीशी लिथियम बॅटरी, सगळं गोंदाने चिकटवलेलं. बॅटरी दमली की बड संपला.

दोन सुटे बड्स एकमेकांशी जोडायचे कसे, हा प्रश्न वेगळाच होता. मध्ये माणसाचं डोकं येतं, डोक्यात भरपूर पाणी असतं आणि ते पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतं. म्युनिकच्या ब्रागी कंपनीने आपल्या ‘डॅश’ बड्समध्ये दोन कानांमधला दुवा त्यासाठी चुंबकीय क्षेत्राने साधला. इतर अनेकांनी एका बडला मुख्य केलं आणि दुसऱ्याकडे त्याच्यामार्फत आवाज पाठवला. म्हणून एका कानाची बॅटरी आधी संपे.

जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेल्या ‘एलई ऑडिओ’ने डाव्या-उजव्या बडला थेट वेगवेगळा प्रवाह पाठवण्याची सोय केली. या कामामागचा मोठा रेटा संगीतवाल्यांचा नव्हता. युरोपातल्या श्रवणयंत्र उत्पादकांच्या संघटनेने २०१४ मध्ये ब्लूटूथ संघाशी करार केला होता, कारण श्रवणयंत्राच्या इवल्याशा बॅटरीवर जुनी रीत परवडत नव्हती. गळ्यात मधलं उपकरण अडकवल्याशिवाय टॅब्लेटवरचा आवाज ऐकता यावा, ही त्यांची मागणी. त्याच कामातून २०२२ मध्ये ‘ऑराकास्ट’ हे नाव पुढे आलं. त्यात एका टॅब्लेटवरचा आवाज आसपासच्या कितीही जणांना आपापल्या कानात घेता येतो. वॉकमनला दोनच छिद्रं होती, इथे मोजदाद नाही. अट एवढीच की टॅब्लेट आणि बड्स दोघांनाही ही नवी भाषा यायला हवी. एक जरी जुना असेल, तर दोघांची बोलणी २००३ च्या रीतीवर येऊन मिटतात.